नरम पेडल

"नरम आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेडलवरून पाय उचलला.

पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या लांब्यानं पाना खाली ठेवला आणि हातातली पारदर्शक नळी उजेडात धरून पाहिली. "मास्तर, ब्रेकच्या तेलातली हवा तिसऱ्यांदा काढलीय. नळीत बुडबुडा औषधालाही नाही."

"मग चौथ्यांदा काढ."

"काढतो. पण नसलेली हवा काढू कुठून?"

"काढणाऱ्याचं लक्ष नळीत असलं की सापडते. गप्पांत असलं की नाही सापडत."

लांब्यानं पाना पुन्हा उचलला. तो चाळिशीचा होता, अकरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढलेली, आणि उंची इतकी की गाडीखाली शिरला तरी गुडघ्यापासून खालचा भाग शेजारच्या गाडीच्या वाट्याला जायचा. गॅरेजमधल्या चारचौघांसमोर, त्यात गाडीच्या मालकिणीसमोर, हवा नीट काढली नाही असं ऐकून घेणं त्याला जड गेलं. पण मास्तरांच्या पायाशी वाद घालायची त्या गॅरेजात रीत नव्हती.

पाय म्हणजे उजवा पाय. मास्तर एकतीस वर्षं ब्रेकचंच काम करत होते आणि त्यांचं निदान डोळ्यांनी नाही, तळव्यानं व्हायचं. पेडलवर पाय ठेवला की कुठल्या चाकाचं पॅड झिजलंय, कुठल्या नळीला फुगवटा आलाय, हे ते सांगत. एकदा नव्याकोऱ्या नळीबद्दल त्यांनी "ही आतून सुटलीय" म्हटलं होतं, सगळे हसले होते, आणि नळी उभी चिरल्यावर हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. त्या दिवसापासून पाय म्हणेल ती पूर्व दिशा.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. राखाडी, दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बाईंना शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा नाद लागला होता आणि तो त्यांनी कुणाची परवानगी न घेता लावून घेतला होता. ट्रॅकवर दहा फेऱ्या झाल्या की ब्रेक तापायचे, तेल उकळायचं आणि पेडल खाली खाली जायचं. म्हणून कॅलिपर बदलायचे ठरले होते. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही अंगांनी दाबून धरणारा जबडा. मास्तरांनी बाईंना तो असाच समजावला होता आणि बाई म्हणाल्या होत्या, "जबडा म्हणजे माझंच खातं की."

प्रश्न होता तो धातूचा. गाडीचे मूळचे कॅलिपर बिडाचे होते, वजनदार, अजिबात न फाकणारे, पण उष्णता धरून ठेवणारे. दुसरा पर्याय ओतीव अल्युमिनियमचा. तो हलका, लवकर निवणारा, पण जोरात दाब आला की केसभर फाकतो, आणि ते केसभर फाकणं पायाला दलदलीसारखं लागतं. तिसरा घडीव अल्युमिनियमचा. प्रचंड दाबाखाली घडवलेला, हलका तर हलका आणि वर ताठही. गॅरेजचे मालक या तिसऱ्याच्या प्रेमात होते. मास्तरांचं मत सगळ्यांना पाठ होतं. अल्युमिनियम पातेल्यांना बरं, असं ते म्हणत.

सोमवारी ओतीव बसवले. मास्तर म्हणाले, नरम. कुणाला नवल वाटलं नाही, ओतिवाचं तसंच असतं. बुधवारी घडीव बसवले, आणि आता मास्तर तेच म्हणत होते.

"मला तर बरं लागलं होतं हो मघाशी," लांब्या पुटपुटला.

"तुझा पाय की माझा पाय?"

"तुमचा," लांब्या म्हणाला आणि चौथ्यांदा हवा सोडायचा निपल सैल केला.

चौथ्यांदाही हवा निघाली नाही आणि पेडलही सुधारलं नाही. मास्तर गाडीतून उतरले. त्या बुटक्या गाडीतून उतरणं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं होतं. त्यांनी दाराला धरून क्षणभर दम घेतला. त्यांना फार थकल्यासारखं झालं होतं. अलीकडे सगळ्याच गाड्या त्यांना नरम लागायच्या. सामानच हलकं येतंय, असं ते म्हणत. ते म्हणत आणि ते खरंच मानतही होते.

"हे घडीवही फाकतंय," त्यांनी मालकांना सांगितलं. "बीड परत चढवा. लोखंड ते लोखंड."

मालकांचा चेहरा उतरला. ते आणि मास्तर एकाच वयाचे, एकाच महिन्यात या गॅरेजात कामाला लागलेले. एक मालकाचा मुलगा म्हणून, दुसरा पाने पुसायला. चारचौघांत दोघं एकमेकांना 'मालक', 'मास्तर', 'तुम्ही' म्हणत आणि दोघंच असले की 'अरे तू'. मालकांनी घडिवाच्या त्या सुंदर, मंद चकाकणाऱ्या जबड्यावरून एकदा हात फिरवला.

"तू म्हणतोस तर बीड," ते म्हणाले. आज चारचौघांतही त्यांच्या तोंडून 'तू' निघून गेलं.

*

संध्याकाळी घरी बायकोनं पायांसाठी गरम पाणी काढलं. मास्तर खुर्चीत बसले, दोन्ही पाय घमेल्यात सोडले, डोळे मिटले. दिवसभर उभं राहून पाय दगड झाल्यासारखे वाटायचे. हे दगड होणं त्यांनी वयाच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

बायको मीठ घेऊन आली, ढवळायला तिनं पाण्यात बोटं घातली आणि झटकन बाहेर काढली.

"अहो, पाय काढा. काढा आधी."

त्यांनी काढले. घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते.

"गार पाणी मिसळायचं राहिलं माझं," ती म्हणाली. "पण तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. बरं वाटत होतं."

"बरं वाटत होतं? माझी बोटं बघा."

"तुझी बोटं नाजूक. आमचं कातडं गॅरेजातलं."

ती हसली नाही. ओलं फडकं घेऊन खाली बसली आणि त्यांच्या पावलांवर ठेवू लागली. "आठ महिने झाले साखर तपासून. गोळ्यांचं पाकीट मी आणते, मीच मोजते, आणि अर्ध्या गोळ्या तशाच दिसतात. लोकांच्या गाडीचं तेल वेळेवर बदललं नाही तर केवढं बोलता त्यांना. स्वतःचं काय?"

"जाऊ या पुढच्या आठवड्यात."

"हे पालथ्या घड्यावर पाणी आहे," ती म्हणाली. "मीच ओतते आणि मीच पुसते."

मास्तरांनी विषय बदलला. त्यांना तिचं म्हणणं पटत होतं. पण पटलं असं म्हटलं की लगेच दवाखाना आला असता, आणि दवाखान्यात ते काय सांगतील याची त्यांना भीती होती. ती भीती त्यांनी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. मोठ्या बोटाच्या टोकाशी सुरू झालेला बधिरपणा हळूहळू चवड्यापर्यंत आला होता, हे त्यांना ठाऊक होतं. तिथेच थांबला असेल, अशी त्यांनी आपली समजूत घातली होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बिडाचे कॅलिपर परत जागेवर बसले. मास्तरांनी स्वतः बसवले. हात अजून शाबूत होते, बोल्ट किती आवळला ते टॉर्कच्या पान्यानं सांगण्याआधी मनगट सांगत होतं. लांब्यानं हवा काढली. या खेपेला तो नळीवरची नजर हलवतच नव्हता, आणि शेजारी कुणी बोललं तर उत्तरही देत नव्हता.

मग गाडी उतारावर आली.

गॅरेजच्या मागे दोनशे पावलांचा सिमेंटचा उतार होता. तळाशी एका बंद गोदामाची भिंत, आणि भिंतीच्या बऱ्याच अलीकडे रंगाचा पिवळा पट्टा. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम असा की ज्यानं ब्रेक बसवले त्यानंच पहिल्यांदा गाडी उतारावरून खाली न्यायची आणि पट्ट्यावर थांबवायची. तोवर बाकीच्यांनी वर पांढऱ्या रेघेमागे उभं राहायचं. दुसऱ्याचा जीव गाडीत बसवण्याआधी आपला बसवायचा, एवढंच त्यामागचं गणित. एकतीस वर्षांत मास्तरांनी किती गाड्या खाली नेल्या त्याची मोजदाद नव्हती. खाली थांबून वर आले की ते एकच शब्द बोलत. नरम किंवा कडक. कडक म्हटलं की गाडी गेली.

त्यांनी गाडी सोडली. ती वेगात खाली निघाली. पट्टा जवळ आला तसा त्यांनी पाय दाबला, गाडी नाक खाली करून पट्ट्यावर अचूक उभी राहिली.

आणि पायाला काहीच कळलं नाही.

गाडी थांबली ते त्यांना डोळ्यांनी दिसलं, छातीवर पट्टा आवळला तेव्हा जाणवलं. पण पेडल कुठे अडलं, किती अडलं, उलटून कसं बोललं, काही नाही. सोमवारसारखंच. बुधवारसारखंच. गुडघ्याखाली कुणीतरी कापसाची उशी बांधावी तसं. त्यांनी जागच्या जागी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. बीड नरम लागत होतं. एकतीस वर्षांत त्यांनी बिडाचा जबडा फाकलेला पाहिला नव्हता, आणि फाकला तरी तो असा तिन्ही वेळा सारखा फाकणार नव्हता.

दोष तीन जबड्यांत नव्हता. हे त्यांना इतकं स्वच्छ कळलं की त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले. समोर गोदामाची भिंत होती. त्यांना रडू येणार नव्हतं, ते त्यांचं वळण नव्हतं. हा पाय गेला तर आपण कोण? पाने धरणारे या गावात पन्नास होते. मालक आपल्याला काढणार नाहीत, याचीही त्यांना खात्री होती. मालक एक खुर्ची देतील, दारापाशी, सावलीत. येणारे जाणारे विचारतील, काय मास्तर, बरं आहे ना? त्या खुर्चीची त्यांना नोकरी जाण्यापेक्षा जास्त धास्ती वाटली.

वर रेघेमागे सगळे थांबले होते. मास्तरांनी गाडी सुरू केली, वर आणली, काच खाली केली.

"कडक," ते म्हणाले.

*

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मालकांनी लगेच ठरवलं की घडीव कॅलिपर पाठवणाऱ्यांना कळवायचं. माल सदोष आहे, दाबाखाली फाकतो, आमच्या मास्तरांनी स्वतः पाहिलंय. बाई जराशा हिरमुसल्या होत्या. त्यांना हलकी गाडी हवी होती आणि मिळाली होती पहिलीच.

"असो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही असंच चालतं. लोक विचारतात, दातावर कोणती कॅप घालू, धातूची की पांढरी? मी म्हणते, जिनं चावता येतं ती."

लांब्या फडक्यानं हात पुसत उभा होता. हात केव्हाच पुसून झाले होते. "मास्तर, एक विचारू?"

"विचार."

"बीड कडक आहे म्हणजे काल हवा राहिली नव्हती ना माझ्याकडून? घडीवच फाकत होतं ना? एकदा सांगून टाका सगळ्यांसमोर. काल सगळ्यांसमोरच बोलला होतात."

मास्तर बुटाच्या टोकाकडे बघू लागले. घडीव फाकत होतं म्हणावं तर निर्दोष मालाला दोष. हवा राहिली होती म्हणावं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तिसरं उत्तर त्यांच्या बुटात होतं.

बाईंनी ते अवघडलेपण पाहिलं आणि हलकं करायला म्हणाल्या, "हवा आणि फाकणं मला नाही कळत. पण मी एक नियम पाळते बुवा. कॅप बसवली की उंच लागते का ते भूल उतरल्यावरच विचारायचं. भूल असलेल्या माणसाला चावायला सांगितलं की तो काहीही सांगतो. त्याला दातच नसतो ना तेव्हा."

त्या मालकांकडे बघून बोलत होत्या. तरी मास्तरांना वाटलं, आपल्यालाच बोलल्या. "आलोच," म्हणून ते मागच्या बाजूला गेले.

मागे जुन्या टायरांची रास होती. मास्तर एका टायरवर टेकले आणि त्यांनी उजव्या पायातला बूट काढला. मोजा टाचेशी चिकटला होता. तो ओढला तर आतून एक वॉशर निघून जमिनीवर पडला. कॅलिपरच्या बोल्टखालचा, नखाएवढा, कडेला दाते असलेला वॉशर. सकाळी काम करताना कधीतरी बुटात उडाला असणार. टाचेत त्याची गोल खूण रुतली होती आणि खुणेच्या कडेनं रक्त येऊन वाळलं होतं. सकाळपासून ते त्यावर उभे होते, चालत होते, त्याच पायानं त्यांनी उतारावर ब्रेक दाबला होता.

"हात धुवायला पाणी कुठे आहे?" बाई कोपऱ्यावरून येत म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी जमिनीवरचा वॉशर पाहिला, टाच पाहिली. त्या न विचारता समोरच्या टायरवर बसल्या.

"साखर आहे?"

"नऊ वर्षं झाली."

"डोळे मिटा, मास्तर. मी किल्लीच्या टोकानं टोचते. टोचलं की हो म्हणा."

मास्तरांनी डोळे मिटले. गॅरेजात कुणीतरी हातोडीनं काही ठोकत होतं. कुठल्यातरी गाडीचं दार लागलं. वेळ जात होता.

"टोचा की," ते म्हणाले.

"चारदा टोचलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, याबद्दल मास्तरांना त्यांचे उपकार वाटले.

"मी दातांची डॉक्टर. पायाचं मला विचारू नका, ज्याला कळतं त्याच्याकडे आजच जा. ती जखमही दाखवा, ती लहान वाटते तेवढी लहान नसते. कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी बोलणार नाही. पण गाडी माझी आहे, म्हणून एकच विचारते. कालच्या त्या घडीव कॅलिपरना काय झालं होतं?"

गप्प बसणं सोपं होतं. बीड बसलेलं होतं, बीड खरंच कडक होतं, आणि बाईंना त्यापासून धोका असा काही नव्हता. अजून दोन वर्षं निघाली असती. फक्त पुढच्या महिन्यात कुठल्यातरी गाडीचं पेडल खरोखर नरम निघालं असतं, आणि मास्तरांनी ती गाडी कडक म्हणून सोडून दिली असती.

"काही झालं नव्हतं," मास्तर म्हणाले. "कालही नव्हतं, सोमवारीही फारसं नसेल. नाचता येईना म्हणून मी अंगण वाकडं म्हणत होतो."

*

मालकांच्या खोलीत मालक, मास्तर आणि लांब्या असे तिघंच होते. मास्तर एका पायात बूट घालून आणि दुसऱ्याला फडकं बांधून उभे होते, आणि बसा म्हटलं तरी बसत नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. तीन वाक्यांत संपलं. आयुष्यभराच्या गोष्टीला तीन वाक्यं पुरली, याचं त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

मालकांनी उठून दार लोटलं. "कधीपासून रे?"

"ते सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे. तीनेक महिने तरी सगळ्या गाड्या नरम लागतायत. नंतर नंतर मी अंदाजानंच कडक म्हणायला लागलो होतो. सगळ्यांनाच नरम कसं म्हणणार?"

"म्हणजे तीन महिन्यांच्या गाड्या…"

"परत बोलवाव्या लागतील. दुसऱ्या कुणाच्या तरी पायानं बघाव्या लागतील. मी यादी केलीय, अकरा आहेत. फोनही मीच करतो. काय झालंय ते मीच सांगतो."

"तू नको सांगू. मी सांगतो."

"नको. शब्द माझा होता."

मग ते लांब्याकडे वळले. हे त्यांना सगळ्यांत अवघड गेलं. "काल हवा राहिली नव्हती. एकदाही नाही. तू काम चोख केलं होतंस आणि मी चारचौघांत तुला खाली पाहायला लावलं. आता बाहेर जाऊन चारचौघांत हे पुन्हा सांगणार आहे."

लांब्यानं मान हलवली. "मला माहीत होतं, मास्तर. हवा नव्हती."

"मग ठामपणे बोलला का नाहीस?"

"दुसऱ्यांदा मी पेडल दाबून पाहिलं होतं, तेव्हा कडक लागलं. तुम्ही म्हणालात नरम. मग तिसऱ्यांदा दाबलं तर मलाही नरमच लागलं." तो ओशाळून हसला. "तुमचा पाय खोटा असेल असं डोक्यातच आलं नाही."

मास्तरांना हे ऐकून अभिमान वाटायला हवा होता. त्यांना भीती वाटली. एका बधिर पायानं दुसरा धडधाकट पाय बधिर केला होता.

*

शुक्रवारी घडीव कॅलिपर पुन्हा बसले. मास्तरांची टाच दवाखान्यातून पांढरी पट्टी बांधून आली होती. बायको आदल्या संध्याकाळी सोबत गेली होती आणि परतताना रस्ताभर तिनं त्यांचं कोपर धरून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येईल असं सांगत नाही, आहे ते सांभाळा. मास्तरांनी स्टुलावर बसून चारही चाकांचं काम केलं. जबड्याला हात लावला तेव्हा तो त्यांना आवडला. घडिवाला बोटानं टिचकी मारली की तो स्वच्छ वाजत होता. पातेल्यांचा धातू म्हणून आपण त्याला किती वर्षं हिणवलं, असं त्यांच्या मनात आलं.

हवा काढताना या खेपेला लांब्या आत पेडलवर बसला, गुडघे स्टिअरिंगला टेकवून, आणि मास्तर खाली निपलपाशी. "दाब," मास्तर म्हणत. "धर. सोड." तीनच शब्द, पण एकतीस वर्षं हे शब्द त्यांना खालून ऐकू यायचे.

गाडी उतारावर आली. मालक, बाई आणि गॅरेजातली बाकीची माणसं पांढऱ्या रेघेमागे गेली. सगळ्यांना सगळं माहीत होतं, मास्तरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि त्यामुळे कुणीच त्यांच्याकडे नीट बघत नव्हतं.

"लांब्या नेईल," मालक म्हणाले. "तुम्ही इकडे या, मास्तर. सावलीत उभे राहा."

"ब्रेक कुणी बसवलेत?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग नियम काय आहे?"

"अहो, पण पाय…"

"पाय लांब्याचा घ्या. बसायचा तो जीव माझाच बसेल."

ते गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या दाराशी गेले. त्या सीटवर ते आजवर कधी बसले नव्हते. उजवा पाय आपणहून आत येईना, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी मांडीखाली धरून तो उचलला आणि आत ठेवला. पट्टा लावला. लांब्या स्टिअरिंगमागे घडी होऊन बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मास्तर, मी पट्ट्याच्या पुढे गेलो तर?"

"तर भिंत आहे. जा."

गाडी सुटली. मास्तरांनी बघितलं तर लांब्याच्या पायाकडे बघितलं, रस्त्याकडे नाही. पाय घाबरलेला नव्हता. तो हलकेच आला, टेकला, मग दाबला गेला, आणि गाडी पिवळ्या पट्ट्यावर उभी राहिली. पुढचं चाक वीतभर पलीकडे गेलं असेल.

लांब्यानं श्वास सोडला. पुन्हा दोनदा पेडल दाबून पाहिलं, आणि सवयीनं मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. "कडक आहे ना, मास्तर?"

"मला काय विचारतोस?"

लांब्यानं तिसऱ्यांदा पाय ठेवला, डोळे मिटून, आणि तसाच धरून ठेवला.

"कडक आहे," तो म्हणाला.

"मग वर जाऊन तसं सांग."

मास्तरांनी दार उघडलं. लांब्या घाईनं उतरून मदतीला येणार होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. टपाला धरून ते एकटे उभे राहिले. त्याला वेळ लागला. "तू गाडी ने," ते म्हणाले. "मी येतो चालत."

गाडी वर गेली. रेघेपाशी थांबली, काच खाली झाली, आणि लांब्यानं तो एक शब्द उच्चारला असावा, कारण माणसं हलली. मग ती सगळी खाली बघत उभी राहिली. उतार चांगलाच चढणीचा होता आणि मास्तर सावकाश येत होते. त्यांची मान खाली होती, त्यामुळे वरच्यांना वाटलं त्यांना फार लागलंय, आणि मालक दोन पावलं पुढे झाले. मास्तरांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. उजवा पाय कुठे पडतोय ते ते बघत होते. तो पडला आहे अशी डोळ्यांनी खात्री झाली की मगच डावा उचलायचा, असं करत करत ते वर आले.